रिकाम्या रकान्यातलं माकड

चंद्रावरच्या अरुंधती वसाहतीत ओजसच्या पाचव्या वाढदिवसाची पंगत बसली होती. वाढायला होता यंत्रमानव ठोंब्या. (हे नाव ओजसनेच ठेवलेलं, ठोंब्याला त्याचं काही वाटत नसे.) त्याने कोशिंबिरीचं पाकीट फोडलं, पाणी घालून कालवलं आणि वाटी ओजसला दिली. शेजारी बसलेल्या शाल्मलीला एकदम वास आला. भाजलेल्या दाण्यांचा!

तिने धाकट्या भावाच्या हातून वाटी हिसकावली. दाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी ओजसचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. गेल्या वर्षी तो थोडक्यात वाचला होता.

"भिंतीवरच्या माहितीच्या पडद्यावर या पाकिटापुढे 'शेंगदाणे : नाहीत' असं लिहिलंय," ठोंब्या म्हणाला. "मी वाचूनच वाढलं."

खरंच तसं लिहिलं होतं. मग वास कुठून आला?

शाल्मली पाकीट घेऊन तडक वृंदाआत्याकडे गेली. वसाहतीतले सगळे पडदे आत्यानेच बनवले होते.

"हे बघ," आत्या म्हणाली, "सगळ्या वस्तूंची माहिती एकाच मध्यवर्ती भांडारात असते. (एक मोठ्ठी सामाईक वही म्हण ना.) वस्तू बनवणारे त्यात लिहितात. आपला पडदा म्हणजे फ्रंट-एंड (लोकांना दिसणारा दर्शनी भाग). तो भांडाराला विचारतो आणि आपल्याला दाखवतो."

तिने भांडारातली नोंद उघडली. शेंगदाण्यांपुढचा रकाना चक्क कोरा होता.

मग त्यांनी साताऱ्याला, पाकीट बनवणाऱ्या कुसुमताईंना फोन लावला. आवाज पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला आणखी सव्वा. शाल्मलीला तेवढंही थांबवेना.

"अवो, कोशिंबिरीत कूट असतंयच की!" कुसुमताई म्हणाल्या. "ते काय वेगळं लिहायचं?"

शाल्मलीला हसावं की रडावं कळेना. "पण आत्या, त्यांनी 'नाहीत' असंही लिहिलेलं नाही. मग पडद्याने ते कुठून आणलं?"

आत्याचा चेहरा उतरला. "मीच सांगितलं होतं त्याला, रकाना रिकामा दिसला की 'नाहीत' लिही. कोरी जागा बरी दिसत नव्हती गं. चूक माझी आहे."

"म्हणजे 'नाहीत' वेगळं आणि 'कुणी सांगितलंच नाही' वेगळं!"

"अगदी. आणि तो फरक दाखवणं हे पडद्याचंच काम."

दोघींनी बसून तिसरं उत्तर तयार केलं: पिवळा चौकोन आणि त्यात 'अजून माहीत नाही'. ओजसला वाचता येत नव्हतं, म्हणून शाल्मलीने शेजारी डोकं खाजवणारं माकड काढलं. तिकडे कुसुमताईंनी भांडारात एकदाच 'आहेत' लिहिलं आणि वसाहतीतल्या सगळ्या चाळीस पडद्यांवर ते लाल अक्षरांत उमटलं.

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात बोंबाबोंब झाली. एकशे बारा पाकिटांच्या नावांपुढे माकडं बसली होती! लोक कुरकुरले. पण मग एकेकाने फोन हाती घेतला, पाकिटं बनवणाऱ्यांकडे चौकशी केली, आणि आठवड्यात माकडं नऊवर आली. पृथ्वीवरच्या दुकानांतही एक दिवस असे प्रामाणिक पडदे लागतील, असं शाल्मलीला वाटू लागलं.

रविवारी ठोंब्याने सवयीने ओजसपुढे लाडू धरला. ओजसने आधी पडद्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"माकड आहे," तो म्हणाला. "आधी विचारून ये."

आणि ठोंब्या लाडू तसाच हातात धरून विचारायला गेला.