टाकून दिलेल्या चकत्या

ती प्रयोगशाळेतून बाहेर पडत होती, तो आत येत होता... आणि तिच्या हातातला कचऱ्याचा ट्रे त्याच्या पायांवर उपडा झाला.

तो तडकलेल्या नळ्या जोडणारा काचकारागीर. वाकून त्याने एक चकती उचलली. "ही मी घेऊ?"

"कचरा घेऊन काय करणार?"

तो नुसता हसला. आता या हसण्याचा अर्थ काय लावायचा? ती गोंधळली.

जेलीसारखी ओली चकती साध्या हवेत वाळवायची, तरी ती पिसासारखी हलकी, आतून सगळी पोकळ राहायला हवी. महागडं दाबयंत्र नको... या एका ध्यासापायी तिची दोन वर्षं गेली होती. पण रात्रभरात चकत्या आक्रसून निम्म्या होत आणि सकाळी ती वैतागून फेकून देई.

मग तो रोजच येऊ लागला. रोज एवढी काच फुटते तरी कशी, हे तिला कळेना. तो नाही आला की दाराकडे का बघत बसतो आपण, हेही कळेना.

गुरुवारी सरांनी सांगून टाकलं, "उद्यापासून हे काम बंद." म्हणजे नोकरी गेली, गावही सुटणार. ती सामान आवरत असताना तो खोका घेऊन आला. कापसावर निळसर, टपोऱ्या, पूर्ण आकाराच्या चकत्या!

"कुठून आणल्या?"

"तुमच्याच आहेत."

"थट्टा नको हं! माझ्या तर एवढ्याशा होत्या."

"रोज कचऱ्यातून नेत होतो. दोन दिवस होत्या तशा. तिसऱ्या दिवशी आपोआप फुलल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल..."

तिने एक चकती उचलून उजेडात धरली. आतला द्रव पुरता उडून गेला, की मिटलेली चकती पुन्हा उमलत होती. आणि ही बाई पहिल्याच सकाळी फेकून मोकळी!

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती पुटपुटली आणि जीभ चावली. "पण तुम्ही का नेल्या?"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्या हातच्या होत्या... टाकवल्या नाहीत."

तिला हसू आलं, रडूही आलं. तिने खोका उचलला, त्याची बाही धरली. "चला, सरांना सांगा."

"काय सांगू? चकत्यांचं, की—"

"चकत्यांचं सरांना. दुसरं मला... सवडीनं सांगा. या वेळी मी घाई नाही करणार."