टेपवरचा वरवंटा

गिरणीतल्या बायका मला म्हणायच्या, "ताई, तुमचं बरं हाय. थंडगार बसायला मिळतं." एप्रिलातल्या सोलापुरात ते काही खोटं नव्हतं. कॉम्प्युटरच्या खोलीला गार हवेची दोन यंत्रं होती आणि भिंती जुन्या, दगडी, हातभर जाडीच्या. म्हणूनच गिरणीच्या साहेबांनी ती खोली निवडली. आधी तिथं गिरणीचं पाळणाघर होतं. ते अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. तुळईतले पाळण्याचे आकडे मात्र तसेच राहिले. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरवला, एवढंच.

माझी अंबू त्या शेडमध्ये असायची. अजून रांगत नव्हती. गणितात बी.एस्सी. झालेल्या सुनेला नोकरी करू दिली, म्हणून सासूबाईंनी सुचवलेलंच नाव तिला ठेवलेलं. माझ्या खिडकीतून शेडचं दार दिसायचं. त्यामुळे एक डोळा यंत्रावर आणि एक त्या दारावर.

रोज दुपारी बॅकअप घ्यायचा. म्हणजे कामगारांची सगळी माहिती ताटाएवढ्या रिळावरच्या टेपवर उतरवायची आणि नीट उतरली का, ते यंत्राकडून एकदा वाचून घ्यायचं. त्या उन्हाळ्यात वाचताना टेप एका जागी अडायला लागली. रीळ जरा पुढं जायचं, थांबायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं. संथ, एका लयीत. दुसरी टेप लावली, तीही तिथंच. कोरी करकरीत काढली, तीही.

आणि अंबू दुपारी रडायला लागली.

"पोटात दुकतंय लेकराच्या," पाळणाघरातल्या गोजरबाई म्हणाल्या. "पाय कसं पोटाशी घेती बगा." ओवा झाला, हिंग लावून झाला. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील.

दारावर डोळा असल्यामुळे ते माझ्या लक्षात आलं. रीळ झुलायला लागलं की तिकडून रडणं ऐकू यायचं. एकदा मी मुद्दाम यंत्र मध्येच थांबवलं. रडणं थांबलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा रडणं. तिसऱ्यांदा करून बघायचं धाडस मला झालं नाही.

एका दुपारी तर अंबू कुणाला आवरेना. गोजरबाई तिला कडेवर घेऊन थेट माझ्या खोलीच्या काचेच्या दाराशी आल्या. त्यांची नजर झुलत्या रिळावर गेली, तिथून वर तुळईकडे. यंत्र बरोबर एका आकड्याखाली होतं.

"हितं तर पाळणा असायचा," त्या म्हणाल्या. "आता कोण हलवतंय?"

"कुणी नाही, मावशी. यंत्र आहे ते. टेप अडलीय."

"आन् आत काय हाय?"

"काही नाही."

"मग रिकामा पाळणा हलवू न्हाय, ताई. घरातल्या लेकराच्या पोटात दुकतं. हलवायचाच आसंल तर वरवंटा तरी ठिवावा आत."

मी हसले. पण अंबूच्या बारशाला सासूबाईंनी तेच केलं होतं. आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, मग त्याला उचलून अंबूला. मी यंत्र बंद केलं. अंबू त्यांच्या खांद्यावर झोपून गेली.

यंत्र दुरुस्त करायला पुण्याहून कंपनीचे सिद्धप्पा साहेब आले. मूळचे अक्कलकोटचे, हसरे. त्यांनी झाकण उघडलं, टेप वाचणारं डोकं स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं. फडक्यावर तपकिरी पूड आली. पट्टा बदलला, हवेचा दाब तपासला. टेप लावली. रीळ तिथंच आलं आणि झुलायला लागलं. अंगणापलीकडून अंबूचा आवाज आला. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"गंमत आहे, मॅडम," बरंच तपासून ते म्हणाले. "इथं वीतभर टेप कोरीच राहते. का, ते विचारू नका. यंत्राला वाटतं, इथं काहीतरी असायला पाहिजे. म्हणून मागं जाऊन पुन्हा पुन्हा शोधतंय बिचारं."

"मग आता?"

"त्या जागी एक खोटी नोंद टाकू की! भरलेलं दिसलं की गप जाईल पुढं. सांगा एखादं नाव."

रडणं वाढलं होतं.

"वरवंटा," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. "वा! आणि वरवंटेरावांना नेमायचं कुठल्या खात्यात? यंत्र खातं मागतंय."

माझं लक्ष खिडकीतून शेडच्या दाराकडे होतं.

"पाळणाघर," मी म्हणाले. त्यांनी नोंद टाकली आणि सगळी माहिती पुन्हा टेपवर उतरवली.

टेप लावली. रीळ त्या जागी आलं आणि न अडखळता पुढं गेलं.

रडणं थांबलं.

सिद्धप्पा साहेबांनी रिळामागची प्लॅस्टिकची कडी काढून खिशात टाकली. "आता यावर कुणाला लिहिता येणार नाही. पुसताही येणार नाही." टेप त्यांच्या पिशवीतून पुण्याला गेली, जपून ठेवायची प्रत म्हणून तिजोरीत ठेवायला.

मी जवळजवळ धावतच शेडमध्ये गेले. पत्रे तापले होते. पंख्याखाली पोरं निजली होती.

"लई गुनाची झाली बगा एकदम," गोजरबाई म्हणाल्या. "काय केलंत?"

"तुम्ही म्हणालात तसंच. आत वरवंटा ठेवला."

त्या समाधानानं हसल्या. मग थांबल्या.

"आन् काडला का न्हाय?"

"काय?"

"वरवंटा. त्यो काडल्याबिगर लेकराला जागा कुटं?"

मी पाळण्यात वाकून बघितलं. अंबू शांत झोपली होती. श्वास नीट चालला होता. फक्त ती मध्यभागी नव्हती. एका कडेला, पाळण्याच्या कापडाला चिकटून, अंग चोरून झोपली होती. दाटीवाटीत दुसऱ्याला जागा देऊन झोपावं तशी.

मधोमध दुपट्यावर एक लांबट खळगा पडला होता.

मी त्यात हात ठेवला. वरचे पत्रे उन्हानं कडकडत होते. खळगा गार होता, दगडासारखा.