खिशात जळणारा टॉर्च

"बुडव!" ताईने हुकूम सोडला.

वकिलाने बोटाएवढा टॉर्च बादलीत सोडला. तळाशी जाऊनही तो पठ्ठ्या जळतच राहिला.

"पास!" वकील पडेल आवाजात म्हणाला. हा स्वतःच्या आईशीही मुद्देसूद भांडायचा, म्हणून वकील.

ताई, वकील आणि धाकटी मुंगी ही तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती आणि सकाळपासून त्याच्या या टॉर्चची परीक्षा घेत होती. फरशीवर आपटला, पास. टेबलावर जळत ठेवला, पास. परीक्षार्थी नापास व्हावा म्हणून इतक्या कळकळीने झटणारे परीक्षक विरळाच!

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीने सगळ्यांचे जुने टॉर्च काढून घेऊन हे चार्जिंगचे नवे दिले. मग एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना मामाचा टॉर्च लागलाच नाही. पाय घसरला, हाड मोडलं. कंपनीचं म्हणणं, तू चार्ज करायला विसरलास. उद्या साहेब येणार होते, तेच मामाच्या तोंडून वदवून घ्यायला. मामा 'हो' म्हणाला की नोकरी गेली.

"चार्जिंगला लावला होता रे मी," प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मामा छताला सांगायचा. मग जरा थांबून, "बहुतेक."

ते 'बहुतेक' दिवसेंदिवस मोठं होत चाललं होतं.

"साहेबांनी तपासूनच घेतले असतील ना गं?" मामी म्हणाली.

"हो, पंख्याखाली, खुर्चीत बसून!" ताई फणकारली.

तेवढ्यात जिन्यातून वकिलाची आरोळी आली. "मुंगे, तुझा खिसा पेटलाय!"

मुंगी टॉर्च फ्रॉकच्या खिशात टाकून पायऱ्यांवर उड्या मारत होती. पातळ कापडातून लख्ख उजेड येत होता.

"मी नाही लावला! शप्पथ!"

"मग काय भुताने लावला?"

ताईने खिसा उलटा केला. टॉर्चसोबत चार गोट्या निघाल्या. टॉर्चचं बटण टोकाला, चांगलं बाहेर आलेलं. उडी मारली की गोटी त्यावर दाबली जायची.

ताईचा चेहरा एकदम बदलला. "मामी, मामा खिशात काय ठेवतो?"

"किल्ल्यांचा जुडगा. का गं?"

"आणि लिफ्ट बंद पडली की तो वर कसा जातो?"

"जिन्यानेच की!" मामी म्हणाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जन्मभर जिनेच चढावे लागतात, हे टॉर्च निवडणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

टॉर्च पुन्हा पूर्ण चार्ज केला. वकिलाने मामाची गणवेशाची पँट नाडीने कमरेला आवळली, खिशात टॉर्च आणि जुडगा टाकला आणि जिना चढू-उतरू लागला. जाड कापडातून उजेडाचा मागमूसही दिसेना. संध्याकाळी टॉर्च काढला तेव्हा तो कोमट होता आणि मेलेला होता.

कुणीच 'नापास!' म्हणून ओरडलं नाही. त्या खड्ड्यात मामाने हेच बटण दाबून पाहिलं असणार, अंधारात, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मामाच्या इमारतीतली लिफ्ट खाली येईना. कशी येणार? वरच्या मजल्यावर मुंगी तिचं दार उघडं धरून उभी होती.

"साहेब, तो कंपनीचा नवा टॉर्च म्हणे खिशात मावत नाही?" खाली वकिलाने अदबीने विचारलं.

"कोण म्हणतं?" साहेबांनी बॅगेतून स्वतःचा टॉर्च काढला आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी खिशात कोंबला. "मावला की नाही?"

"मावला! चला, जिन्यानेच जाऊ."

साहेब धापा टाकत मामाच्या पलंगाशी पोहोचले. "हं, तर चार्ज करायला विसरलात, हे कबूल आहे ना?"

मामाने मान खाली घातली. "बहुतेक..."

"थांब मामा!" ताई मध्येच बोलली. "साहेब, आधी तुमचा टॉर्च काढा."

साहेबांनी तो काढला. टॉर्च जळत होता!

"हे कसं? मी तर बटणाला हातही लावला नाही!"

"मामानेही लावला नव्हता," वकील म्हणाला.

साहेबांनी टॉर्च बंद केला आणि किल्ली बटणावर टेकवून दाबली; तो पुन्हा लागला. मग त्यांनी फोन काढला. "सगळे नवे टॉर्च आजच परत घ्या. जुने देऊन टाका. आणि यांच्यावरची चौकशी बंद करा. चूक आमची आहे."

फोन ठेवून त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "हुशार आहात रे! कंपनीला तुमच्यासारखी माणसं हवीत."

"आम्हाला सुट्टी आहे," मुंगी म्हणाली.

मामा मात्र हसला नाही. त्याने ताईचा हात घट्ट धरला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. या वेळी त्याने 'बहुतेक' जोडलं नाही.