वर्गात तू, भायर तुमी

म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस उभी होती. माझ्या पुढच्या सीटवर एक तरुण हातातल्या कागदाकडे बघत पुटपुटत होता — "ला मीन... ला मीन..."

शेजारच्या आजीनं मायेनं विचारलं, "मीन रास काय रे तुजी, झिला?"

"नाय आजी. फ्रेंचीत मीन म्हणजे खाण."

"मगे खाण म्हण मां."

मला हसू आवरेना. त्यानं मागे वळून पाहिलं... रागानं नव्हे, मदत मागितल्यासारखं. आणि उगाचच मीच खिडकीबाहेर बघू लागले.

तासाभरानं हाच माणूस आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हजर. जयराम परब, इतिहास-भूगोलाचे नवे सर, मूळ सावंतवाडीकडचे. वडील इथल्या खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं — सातवीला इतिहास-भूगोल फ्रेंचमधूनच शिकवायचा. भूगोल जयरामला यायचा, फ्रेंच मला. म्हणून वर्गात दोघांनी मिळून उभं राहायचं, आणि घंटा होईपर्यंत एकमेकांशीसुद्धा फ्रेंचच बोलायचं.

तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच 'तू' आहे, आणि मान द्यायचा तर 'वू'. जयराम वर्गात मला बिनदिक्कत 'तू' म्हणायचा. तू नकाशा धर, तू नदी दाखव... तेही इतक्या मऊ आवाजात, की माझं बोट वाळवंटी सोडून भलत्याच नदीवर जायचं. घंटा झाली की लगेच — "टीचर, तुमी चाय घेतली?"

आता यातला खरा कोण? वर्गातला, की बाहेरचा?

शेवटी एकदा मी विचारलंच. "वर्गात तू नि भायर तुमी — ह्यां कसां काय, सर?"

तो कानापर्यंत लाल झाला. "'वू' लायलां काय क्रियापद चुकता, टीचर."

"फकत तेच्यासाठी?"

"म्हणजे... दुसरां काय आसतलां?"

तेच तर मला कळत नव्हतं. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. पेडण्यापर्यंत बसमध्ये त्या एका 'म्हणजे'चा अर्थ लावत बसले, आणि तो काही लागेना.

दिवाळीनंतर त्याला सरकारी शाळेची ऑर्डर आली, इब्रामपूरची. सोमवारी हजर व्हायचं. त्यानं पेढे वाटले. मला दोन दिले. मी अभिनंदन केलं. खरं सांगते, मला रडू येत होतं. हा असाच गेला, तर एका क्रियापदावर जीव लावून बसल्यासारखी माझी गत होणार होती.

शुक्रवारी आमचा शेवटचा तास. मुलांनी काढलेल्या नकाशांत काय काय राहून गेलंय, ते जयराम विचारत होता. कुणाचं मुरगाव बंदर राहिलं होतं, कुणाची अख्खी डिचोली. "मांक... मांक..." — फ्रेंचमध्ये उणीव सांगायला हाच शब्द. बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवून फळ्यावर लिहिलं — "ज त मांक."

फळ्यावरची चूक मी दुरुस्त करायची, अशी आमची रीत. आणि चूक तर होतीच. 'तुझ्याशिवाय मला करमत नाही' असं लिहायचं, तर फ्रेंचमध्ये ते वाक्य उलटं फिरवावं लागतं. ते त्यानं फिरवलंच नव्हतं. त्यामुळे अर्थ झाला होता — 'माझ्याशिवाय तुला करमत नाही.'

आगाऊपणा म्हणावा, की नुसतं कच्चं व्याकरण?

मुलं माझ्याकडे बघत होती. मी डस्टर उचललं... आणि परत ठेवून दिलं. "बरोबर आहे," मी फ्रेंचमध्ये म्हटलं. मुलांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं.

घंटेनंतर व्हरांड्यात तो हळूच जवळ आला. "टीचर... शुद्ध होतां मां?"

"नाय. वाक्य उलटां झालां तुजां. तेचो अर्थ — तुज्याशिवाय माका करमणा नाय."

त्यानं वर्गाच्या दारातून फळ्याकडे पाहिलं.

"मगे... पुसलंस कित्याक नाय?"

"खोटां असतां, तर पुसलां असतां."