खुराड्यातली अकरा

जयवंताबाईने मुलाचा जुना मोबाइल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला, कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं आणि डबा खुराड्याच्या मागच्या फळीला तारेने आवळला. दाराकडे तोंड करून, म्हणजे खालचा पेंढाही दिसेल आणि बाहेरचं अंगणही. दर दहा मिनिटांनी एक फोटो तिच्या हातातल्या मोबाइलवर येणार. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं लिहिलेली बाई, नोंद झाल्याशिवाय तिला काही पटत नसे.

खुडूक कोंबडी तिची, अंडी शेजारच्या जनाची. पिल्लं निघाली की निम्मी निम्मी, कडाव गावात असंच चालतं. अकरा अंड्यांवर दोघींनी मिळून कोळशाने फुल्या मारल्या होत्या. पाच दिवसांत आठच उरली. टरफल नाही, पीस नाही.

"जने, वाटणी नको म्हणून दुसऱ्या कोंबडीखाली तर नाय ना घातलीस?" जयवंता बोलून गेली.

"इतक्या वर्षांत एवढंच वळखलंस गं मला?"

त्या दिवसापासून जना चारच्या चहाला यायची बंद झाली. जयवंताला आपल्या कानतुटक्या कपातला चहा गोड लागेना. म्हणून तर हा कॅमेरा.

दुपारी कोंबडी दाणे टिपायला उठली. फोटोत अंडी अकरा.

जयवंताने जाऊन हाताने मोजली. आठ. चष्मा पुसून पुन्हा मोजली. मग फोटोत नववं अंडं दिसलं होतं तिथे हात ठेवून पुढच्या फोटोची वाट पाहिली.

फोटोत तिची बोटं अंड्यावर टेकली होती. बोटांना नुसता पेंढा लागत होता.

दुसरी कुणी घाबरली असती. हिला चैन पडेना. जनाची माफी मागायला हवी होती, पण आधी याचा छडा लावू, मग जाऊ, असं म्हणत तिने दिवस ढकलले. हाताला लागणारी अंडी तीनवर आली. फोटोतली अकराच राहिली.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. हाताला तीन, फोटोत अकरा.

चार वाजता नवा फोटो आला. खुराड्याच्या दाराशी जना उकिडवी बसून ओंजळीतल्या कण्या टाकत होती. भोवती अकरा पिल्लं.

"आली गं बाई एकदाची!" जयवंता आनंदाने बाहेर धावली.

अंगणात कोंबडी होती. तीन पिल्लं होती.

कुंपणापलीकडून जनाची सून सोनाली विचारत होती, "मावशी, आमच्या आत्या तुमच्याकडं आल्यात का वो? सकाळपासून कुठं दिसत नाय."

मोबाइल वाजला. पुढचा फोटो.

जना तिथेच बसली होती, आता कॅमेऱ्याकडे बघत. पुढ्यात चहाचे दोन कप, दोन्ही भरलेले. त्यातला एक कानतुटका.

जयवंता स्वयंपाकघरात गेली. फळीवर तिचा कप नव्हता.