इन्सिपिड मिसळ हाऊस

"शब्द म्हणजे शस्त्र! ज्याच्या तोंडात अवघड इंग्रजी शब्द, त्याच्या पायाशी जग!"

भिमाजी सरांनी टेबलावर मूठ आपटली. त्याच क्षणी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, भिंतीच्या फटीतून ज्वारीचं पीठ भसकन आत आलं आणि जग जिंकायला निघालेले सगळे वीर ओळीनं शिंकू लागले.

सातपूरच्या या उन्हाळी शब्दवर्गात दोन बॅच होत्या. पुढे बसायची ती गोल्डन, मागे बसायची ती फुकट. रुद्र, रिदा आणि वेदिका फुकटात होते. सर आपल्याला फुकट का शिकवतात, हे कोडं रुद्रला छळायचं. कारण सर खडूचा तुकडासुद्धा खिशात घालून घरी नेत!

त्या दिवशी सरांनी पदव्या वाटल्या. गोल्डन बॅचला एकही नाही. सगळ्या मागच्या बाकांना!

"रुद्र, आजपासून तू इन्सिपिड! म्हणजे सात्त्विक. रिदा, तू मेंडेशस, म्हणजे मनमिळाऊ. आणि वेदिका टॉर्पिड. तडफदार!"

पुढच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि खबरदार कुणी डिक्शनरी उघडली तर! तो गुरूवर अविश्वास!"

कुणी उघडली नाही. शिवी दिली तर माणूस अर्थ विचारतो. कौतुक केलं की नुसता फुगतो.

सगळ्यात जास्त फुगले रुद्रचे पप्पा. सुनीलरावांच्या मिसळीला कारखान्यांतली माणसं पाळी सुटली की रांग लावत. त्यांनी दुकानाचा जुना बोर्ड उतरवला आणि मुलाच्या पदवीचा नवा चढवला. 'इन्सिपिड मिसळ हाऊस'. स्पेलिंगसुद्धा सरांकडून लिहून आणलं, मराठीत आणि इंग्रजीत!

दुकानापुढे गर्दी वाढली. पण विचित्र गर्दी! लोक थांबत, बोर्डाचा फोटो काढत, खिदळत निघून जात.

"दादा, फोटो काढता आणि मिसळ नाही खात?" रुद्रनं एका तरुण इंजिनिअरला अडवलं.

"बोर्डावरच सांगितलंय, मग खायची कशाला?" तो हसत हसत मोटरसायकलवर बसला. "असा प्रामाणिक मालक नाही पाहिला बुवा!"

"बघ, पब्लिक फोटो काढतंय!" पप्पा मात्र खूश. पण संध्याकाळी उरलेला रस्सा ते पाठ फिरवून मोरीत ओतत.

"काहीतरी घोळ आहे," रिदा म्हणाली. "आपण गेल्यावर गोल्डन बॅचला सर काय शिकवतात, ते ऐकायचं का?"

"गिरणीच्या गोण्यांमागे!" वेदिका तडफदारपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघं गोण्यांमागे दडून बसले. सुदैवानं गिरणी बंद होती. फटीतून सरांचा आवाज स्वच्छ येत होता.

"मुलांनो, शब्द विसरू नये म्हणून त्याला एक चेहरा चिकटवायचा! इन्सिपिड! डोळे मिटा. तो मिसळवाल्याचा रुद्र आणा डोळ्यांपुढे. बेचव! मेंडेशस? ती रिदा. अब्बांची नोकरी गेली म्हणून फी माफ करा, असं रडगाणं गाणारी. खोटारडी! टॉर्पिड?"

"वेदिका! सुस्त!" गोल्डन बॅच एका सुरात ओरडली आणि हसून लोळली.

कोडं सुटलं. भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल लागतो, तसे हे तिघं सरांना लागत होते.

रिदा कुजबुजली, "अब्बांची नोकरी खरंच गेलीय रे."

"पप्पांना कसं सांगू?" रुद्र म्हणाला. "रोज सकाळी तो बोर्ड ओल्या फडक्यानं पुसतात ते!"

"आपण नाही सांगायचं," रिदानं डोळे पुसले. "सरांनीच सांगायचं. माईकवर!"

वेदिकाच्या मामाचं फ्लेक्सचं दुकान होतं. सरांचा फोटो आणि तीन शब्द देऊन तिघांनी तिथे फ्लेक्स करायला टाकला. "काय अर्थ गं या शब्दांचा?" मामानं विचारलं.

"सात्त्विक, मनमिळाऊ, तडफदार!" तिघं एकदम म्हणाले. खोटं कसं म्हणणार? खुद्द सरांनी शिकवलं होतं. मामानं आदरापोटी सरांचा फोटो आणखी मोठा केला.

रविवारी वर्गापुढच्या मंडपात पालकांसमोर समारोप होता. प्रमुख पाहुणे माजी नगरसेवक गोटीरामभाऊ. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि फ्लेक्स झळकला. 'इन्सिपिड! मेंडेशस! टॉर्पिड! आमचे लाडके भिमाजी सर!'

गोल्डन बॅच हसता हसता खुर्च्यांवरून कोसळली.

"काढा! आधी ते काढा!" सर किंचाळले.

"का सर?" रिदानं माईक त्यांच्या तोंडाशी धरला. "शब्द तर तुमचेच आहेत."

"अहो, छान लिहिलंय की!" गोटीरामभाऊ म्हणाले. "तीनदा टाळ्या वाजवा रे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांच्या टकलावरून घाम ओघळला. रुद्रला दया यायला हवी होती. ती आली नाही.

"बंद करा टाळ्या! ही कार्टी मला बेचव, खोटारडा आणि सुस्त म्हणताहेत!"

माईक चांगला होता. वाक्य पार रस्त्यापर्यंत पोचलं.

सुनीलराव सावकाश उभे राहिले. "म्हणजे माझ्या दुकानावर..." मग ते चालत मंचापाशी आले. "सर, उद्या मिसळ खायला या. सगळ्यांना देतो तीच देईन. खाऊन झालं की याच माईकवर चव सांगायची."

पालक उठले, ओरडले, सरांच्या भोवती गोळा झाले. सर वर्गात शिरून मागच्या दारानं निसटू पाहत होते. दार गिरणीत उघडत होतं. बाहेर आले ते पांढरेफटक होऊन! या वेळी सगळ्यात मोठ्यानं हसली ती फुकट बॅच.

त्याच संध्याकाळी पप्पांनी बोर्ड उतरवला. रुद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस, तर मी विश्वास ठेवला नसता. बरं केलंत."

मंडपातून निघण्याआधी गोटीरामभाऊंनी तर तिघांना मंचावर बोलावून भाषणच ठोकलं होतं. "या मुलांनी सातपूरचे डोळे उघडले! अशी हुशार, निर्भीड पिढी हेच आपल्या नाशिकचं भूषण!"

भाषण संपल्यावर त्यांनी रुद्रला खांबाआड ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाळा, मागच्या वाढदिवसाला सरांनी मलाही एक इंग्रजी पदवी दिली होती. गाडीच्या काचेवर लावलीय. जरा अर्थ बघून सांगशील? हळूच हं."