ताईची साक्ष

"ताई, उद्या लाँड्रीत कामाला जाऊ नकोस!"

नजरेला नजर न देता धाकट्याने हे सांगितलं आणि ताईच्या काळजात चर्र झालं. आईवडिलांच्या माघारी ज्याच्यासाठी तिने जमलेलं लग्न मोडलं, ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तोच भाऊ नोकरी गेल्यापासून खोलीत कोंडून घेऊन फोनमधल्या एका गटाच्या नादी लागला होता. तिथे त्याला कुणी बेकार म्हणत नव्हतं. तिथे तो 'वाघ' होता!... आणि त्या वाघांना आता एक व्हिडिओ सापडला होता. लाँड्रीचे म्हातारे मालक, परक्या मुलखातून आलेले काका, म्हणे गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर थुंकत होते!

"अरे, ते थुंकणं नव्हे रे!" ताई कळवळून म्हणाली. "इस्त्री नीट बसावी म्हणून काका तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारतात. जुनी पद्धत आहे ती. मीही तेच करते. तुझे शाळेचे शर्ट असेच कडक केलेत मी!"

"तुला भुलवलंय त्यांनी. लाखो लोकांनी पाहिलंय ते!"

"लाखांनी फोनवर पाहिलं, मी शेजारी उभी राहून पाहते. बहिणीपेक्षा फोन खरा झाला होय?"

तो चाचरत म्हणाला, "उद्या दुपारी... तू तिथे नसावीस, बस."

ते वाघ उद्या लाँड्रीवर चालून जाणार, हे तिला उमगलं. चपला पायात सरकवून तिने तडक पोलीस चौकी गाठली. "नावं ठाऊक आहेत?" हवालदाराने विचारलं. मान ताठ ठेवून तिने पहिलं नाव सांगितलं ते धाकट्याचंच!

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. धाकटा आणि गटातली मुलं पेट्रोलचा कॅन घेऊन दाराशी आली आणि दबा धरून बसलेल्या पोलिसांच्या हाती लागली. झटापटीत कॅन खाली पडला; तो कुणाच्या हातात होता, हे फक्त आतून ताईलाच दिसलं होतं. काका वाचले, पण गल्लीने ताईला वाळीत टाकलं. "भावाचा गळा कापलास गं!" बायका तोंडावर म्हणत. तुरुंगातल्या भेटीला धाकटा तिच्याकडे पाठ करून बसे, आणि ती काकांची गुडघेदुखी, घराची गळकी तोटी, सारं त्या पाठीलाच सांगून येई. पाठ तरी आपल्याच माणसाची आहे ना, असं स्वतःला समजावी.

खटल्याच्या दिवशी धाकट्याच्या वकिलाने तिला बाजूला घेतलं. "कॅन कुणाच्या हातात होता ते दिसलं नाही, एवढंच म्हणा. सुटेल तो." एका वाक्यात भाऊ घरी येणार होता!... ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली.

"कॅन कुणाच्या हातात होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

तिने डोळे मिटले, ओठ उघडले...

"तिला विचारू नका, साहेब!" आरोपींमधून धाकटा उठला होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माझ्याच हातात होता. आत ताई उभी दिसली, तरी मी तो खाली ठेवला नाही! बाहेर राहिलेल्या वाघांपैकी एकही मला भेटायला आला नाही, ही दर वेळी आली. जन्मभर माझ्यासाठी खस्ता खाल्ल्यात तिने... माझ्याविरुद्ध बोलायचं दुःखही तिनेच का सोसायचं?"

वकिलाने कपाळावर हात मारला.

"हा आरोपी तुमचा कोण?" न्यायाधीशांनी ताईला विचारलं.

शिक्षा होणार, हे तिला कळून चुकलं होतं. तरी तिने डोळे पुसले, मान वर केली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाऊ आहे माझा, साहेब! माझा भाऊ!"